सिस्टिक फायब्रोसिस : फुफ्फुसातील जंतुसंसर्ग आणि प्रतिजैविकांचा दीर्घकालीन वापर

प्रस्तावना

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरत शहरात फुफ्फुसाच्या प्लेगची साथ आली. त्याआधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. भीतीने लाखो लोक सुरत सोडून गेले आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल संपल्या. 'काही दिवस कॅप्सूल घेतली की फुफ्फुसाचा आजार जातो' अशी समजूत आजही सर्वत्र आढळते. मात्र एका आजारात हीच प्रतिजैविके वर्षानुवर्षे द्यावी लागतात. प्रस्तुत लेखात त्या आजाराचा, म्हणजे सिस्टिक फायब्रोसिसचा, अध्यापकांच्या दृष्टीने विचार केला आहे.

रोगाचे स्वरूप

हा आनुवंशिक रोग आहे. सातव्या गुणसूत्रावरील ज्या जनुकातील दोषामुळे तो होतो, त्याचा शोध १९८९ मध्ये लागला. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. जवळच्या नात्यातील विवाहांत दोघेही वाहक असण्याचा संभव अधिक असतो. या दोषामुळे पेशींतून क्षार व पाणी यांची ये-जा बिघडते, फुफ्फुसातील कफ घट्ट व चिकट होतो आणि त्यात जंतू ठाण मांडतात. घामातून मीठही जास्त जाते. १९४८ च्या न्यूयॉर्कमधील उष्णतेच्या लाटेत अशी मुले अत्यवस्थ झाली व त्यातूनच पुढे घामाच्या तपासणीचा मार्ग सापडला.

औषधे दीर्घकाळ का?

लहानपणी बहुधा स्टॅफिलोकोकस, तर पुढे स्यूडोमोनास हा जंतू फुफ्फुसात आढळतो. स्यूडोमोनास स्वतःभोवती चिकट आवरण तयार करून वसाहतीने राहतो. या आवरणात औषध पुरेसे परिणामकारक ठरत नाही. त्यामुळे जंतू एकदा स्थिरावला की त्याचे समूळ उच्चाटन क्वचितच होते. म्हणून संसर्ग नवा असतानाच जोरदार उपचार करतात आणि तो कायमचा झाल्यास जंतूंची संख्या कमी ठेवणे हे उद्दिष्ट असते. यासाठी टोब्रामायसिन वाफेवाटे २८ दिवस देऊन पुढील २८ दिवस थांबवतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा दिल्यास स्यूडोमोनास असलेल्या रुग्णांत आजार उसळण्याचे प्रमाण घटते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसून आले. हे औषध जंतूंना रोखण्याबरोबरच फुफ्फुसातील दाहही कमी करते.

लाभासोबतचे धोके

प्रतिजैविकांचा दीर्घ वापर निर्धोक नाही. जंतू प्रतिरोधक होतात. टोब्रामायसिनच्या गटातील औषधे शिरेवाटे वारंवार दिल्यास श्रवणशक्ती व मूत्रपिंड यांवर परिणाम होऊ शकतो. संसर्ग होण्याआधीच औषध द्यावे काय, याविषयीही मतभेद आहेत. लहान मुलांना स्टॅफिलोकोकसविरोधी औषध ब्रिटनमध्ये देतात, तर अमेरिकेत त्याची शिफारस नाही. कारण तेथील एका चाचणीत असे औषध घेणाऱ्या मुलांत स्यूडोमोनास अधिक आढळला. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. दीर्घ खोकला व घटते वजन पाहून या रुग्णास क्षयरोगी समजले जाते. उलट, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील औषधे क्षयाच्या जंतूवरही काम करीत असल्याने खरा क्षय काही काळ झाकला जाऊ शकतो. म्हणून थुंकीची तपासणी वेळोवेळी करणे आवश्यक असते.

अध्यापकांची भूमिका

२०१२ पासून मूळ दोषावर काम करणारी औषधे उपलब्ध झाली, परंतु ती अतिशय महाग आहेत. त्यामुळे प्रतिजैविके, व्यायाम व कफ काढण्याचे उपचार यांचे महत्त्व कायम आहे. वर्गात असा विद्यार्थी असल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) हा रोग संसर्गजन्य नाही. विद्यार्थ्यास वेगळे बसवू नये. मात्र या रोगाच्या दोन रुग्णांमध्ये जंतूंची देवाणघेवाण होऊ शकते. त्यामुळे त्या दोघांना परस्परांपासून दूर ठेवावे.

२) सुरतच्या उन्हाळ्यात पाणी व मीठ घेण्याची मोकळीक द्यावी.

३) उपचारांसाठीची अनुपस्थिती सहानुभूतीने पाहावी.

४) 'इतकी औषधे चांगली नव्हेत' असा सल्ला देऊन उपचार थांबवू नयेत.

निष्कर्ष

साध्या सर्दीसाठी प्रतिजैविक घेणे अयोग्य आहे आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाने तेच औषध वर्षभर घेणे योग्य असू शकते. या दोन विधानांत विरोध नाही. आपण विनाकारण घेतलेली प्रत्येक गोळी जंतूंना प्रतिरोध शिकवते आणि त्याची किंमत ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही अशा रुग्णास मोजावी लागते. एवढे जरी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले तरी वर्गातील ती तासिका सार्थकी लागेल.