मनाची दुखापत

शरीराप्रमाणे मनासही दुखापत होते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. अशा आपत्तीनंतर कुडपणसारख्या डोंगरातील गावीही ढग गडगडताच एखाद्या मुलाची छाती धडधडावी, हे स्वाभाविक होय. परंतु पाऊस ओसरल्यावरही भय ओसरले नाही, तर उपचार घ्यावेत. मानसोपचारतज्ज्ञ मुलाचे बोलणे शांतपणे ऐकतात, संथ श्वास घेण्यास शिकवितात आणि भीतीशी पायरीपायरीने ओळख करून देतात : आधी पावसाचे चित्र, मग आवाज, शेवटी पडवीतून प्रत्यक्ष पाऊस. प्रत्येक सर दरड आणीत नाही, हे मनास अनुभवाने पटते. मात्र धोक्याची सूचना मिळताच सुरक्षित स्थळी जाणे हा भित्रेपणा नव्हे, शहाणपण होय. आणि मनाच्या दुखण्यावर मदत मागणे, हेही शहाणपणच.