करारनामा कपाटात, भगिनी रस्त्यावर

मागच्या वर्षी एका नगरपालिकेच्या दारात वीसेक कचरावेचक भगिनी बसल्या होत्या. घंटागाडीचे कंत्राट निघाले आणि उकिरड्यावरची भाकरीही गेली. निवेदनात एकच ओळ होती, आम्हाला काम द्या. कसले काम, कोणत्या अटीवर, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

वास्तविक उत्तर पुण्यात तयार होते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. बहुसंख्य सभासद दलित स्त्रिया. तिच्यातूनच निघालेल्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने २००८ मध्ये करार केला. कचरा घरोघरी जाऊन घ्यायचा, शुल्क थेट बाईच्या हाती, भंगार विकून येणारा पैसाही तिचाच. मध्ये कंत्राटदार नाही. मुदतवाढीसाठी मात्र वारंवार आंदोलने करावी लागली. ती कशी केली, हेच तर इतर शहरांना हवे आहे!

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना सामावून घेण्याची जबाबदारी पालिकांवर टाकली. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी ते वाचले? जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख ठेवतो, पण एका करारनाम्याची झेरॉक्स दुसऱ्या गावी पोचवत नाही.

माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. पुण्याचा करार मी तसाच मागवला, वस्तीतल्या विहारात बसून भगिनींना कलमवार वाचून दाखवला. शुल्क, भंगारावरील हक्क, ओळखपत्र, सगळे आता आमच्या मसुद्यात आहे. कंत्राट संपायला सात महिने उरले आहेत.