एक घोडा, एक व्यापारी आणि जुन्नरचा खान

कोकणच्या बंदरांत उतरलेला माल सह्याद्रीचे घाट चढून देशावर येई, तेव्हा जुन्नर ही त्याच्या वाटेवरील मोठी पेठ असे. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो. सातवाहनांनंतर अनेक राजवटी बदलल्या; वाट मात्र तीच राहिली. पंधराव्या शतकात हे नगर बहामनी राज्यात होते. त्या काळच्या जुन्नरचे चित्र एका परदेशी व्यापाऱ्याने आपल्या टिपणांत जपून ठेवले आहे.

अफनासी निकितिन हा रशियातील त्वेर नगरचा व्यापारी. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ साली. त्याच्या सुमारे पाव शतक आधी निकितिन होर्मुझहून चौलला उतरला. दख्खनमध्ये चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे, म्हणून समुद्रापलीकडून आलेल्या घोड्याला मोठी किंमत मिळे. या एका घोड्यावर त्याचे शंभर रूबल खर्ची पडले होते. पालीमार्गे तो जुन्नरला पोहोचला आणि पावसाळ्याचे दोन महिने तेथेच अडकला. सर्वत्र पाणी, चिखल आणि त्यातच चाललेली पेरणी यांची नोंद त्याने केली आहे. येथे घोड्यांना हरभरे आणि साखर-लोणी घातलेली खिचडी चारतात, हेही त्याने टिपले.

जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत, शिवाय एक हजार सुवर्णनाणी. न बदललास तर घोडा गेलाच, वर हजार नाण्यांचा दंड, असा पेच त्याने घातला. मुदत चार दिवसांची. परमुलखात ना आप्त, ना पेढी, ना जामीन. भांडवल म्हणून तो एक घोडा. तरीही निकितिनने श्रद्धा सोडली नाही. अखेर मुहम्मद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने खानाकडे जाऊन रदबदली केली. धर्मांतराची अट सुटली आणि घोडाही परत मिळाला. पुढे बीदरला निकितिनने तो विकला. सोडवणूक करणारा स्वतः मुसलमान होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

असदखान ज्याच्या हाताखाली होता तो महमूद गवान हा बहामनींचा वजीर. इराणातील गिलानहून व्यापारासाठीच तो दख्खनमध्ये आला होता. ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती, हा त्याचा किताब. वजीर झाल्यावरही तो स्वतःचा खर्च व्यापाराच्या भांडवलातून भागवीत असे, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. १४८१ साली विरोधकांनी बनावट पत्र रचून सुलतानाकरवी त्याचा शिरच्छेद करविला. त्या कटवाल्यांत मलिक हसनचे नाव घेतले जाते. त्याचाच पुत्र मलिक अहमद याने १४९० साली जुन्नरहून स्वतंत्र निजामशाहीचा पाया घातला आणि १४९४ मध्ये अहमदनगर वसविण्यास घेतले. बहामनी राज्याची पाच शकले झाली.

खोट्या कागदाने एक राज्य मोडकळीस आले. खऱ्या शब्दाने एक व्यापारी वाचला. निकितिन मायदेशी पोहोचण्यापूर्वीच वाटेत वारला. त्याची टिपणे मात्र व्यापाऱ्यांनीच मॉस्कोपर्यंत नेऊन पोहोचविली.