साबरमतीचा काठ : उत्सव आणि जीवदया

इ. स. 1918 च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत अहमदाबादच्या गिरणी-कामगारांची सभा शाहपूर दरवाजाबाहेर, साबरमतीच्या काठी, एका बाभळीच्या झाडाखाली रोज भरत असे. गिरणीमालकांचे अग्रणी होते अंबालाल साराभाई, आणि कामगारांच्या पाठीशी उभ्या होत्या त्यांच्याच भगिनी अनसूयाबेन. एकाच जैन घराण्यातील ही भावंडे. गांधीजींनी या लढ्यात तीन दिवस उपोषण केले आणि पुढे लवादाच्या निर्णयाने कामगारांना 35 टक्के वाढ मिळाली. नदीकाठ हा शहराचा सामायिक ओटा असतो, तेथे सर्वांना बसता येते, हे अहमदाबादने बाग-बगीचे होण्याच्या फार पूर्वीच अनुभवले होते.

त्याच शाहपूरच्या बाजूस आज क्रीडासंकुल उभे आहे. क्रिकेट, टेनिस, स्केटिंग यांसाठी मुले तेथे गर्दी करतात. पश्चिम तीरावर पालडीकडेही अशीच मैदाने आहेत. एलिसब्रिज आणि सरदार पूल यांच्या दरम्यान पतंगाच्या आकारावरून कल्पिलेला अटल पादचारी पूल ऑगस्ट 2022 मध्ये खुला झाला. पहाटे फेरफटका मारणारे वृद्ध, सायंकाळी पायऱ्यांवर टेकलेली कुटुंबे, जानेवारीतील पुष्पप्रदर्शन असा हा काठ बारा महिने जागता असतो.

पूर्वीची साबरमती अशी नव्हती. पावसाळ्यात ती दुथडी भरून वाही आणि एरवी वाळवंट होऊन पडे. त्या कोरड्या पात्रात भाजीपाला पिके, धोबी कपडे धूत, रविवारचा गुजरी बाजार भरे. काठाच्या विकासाची कल्पना 1960 च्या दशकातली. त्यासाठी महापालिकेने स्वतंत्र कंपनी स्थापिली ती 1997 मध्ये, आणि प्रत्यक्ष बांधकाम सुरू झाले 2005 मध्ये. पात्राची रुंदी सरसकट सुमारे 263 मीटर ठेवून दोन्ही तीरांवर अकरा किलोमीटरांहून अधिक लांबीच्या भिंती घातल्या गेल्या आणि सुमारे 200 हेक्टर जमीन नव्याने मिळाली. आज शहरात दिसणारे भरलेले पाणी मुख्यतः नर्मदेच्या कालव्याचे. वासणा बंधारा ते अडवून धरतो. त्या बंधाऱ्याखाली गेल्यावर मात्र सांडपाण्याने काळवंडलेली नदी दिसते. गुजरात उच्च न्यायालयाला 2021 मध्ये स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. व्यापारी माणूस जमाखर्चाची दोन्ही पाने पाहतो. येथेही खर्चाचे पान पाहिलेच पाहिजे. काठावरच्या झोपड्यांतील हजारो कुटुंबांना शहराच्या कडेला, रोजगारापासून दूर जावे लागले. पुनर्वसनासाठी त्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. गुजरी बाजाराला निदान काठावरच नवी जागा मिळाली. पुण्यात मुळा-मुठेचा काठ साबरमतीच्या धर्तीवर घडविण्याचे काम निघाले, तेव्हा झाडांसाठी नागरिक रस्त्यावर उतरले. त्यांच्या मनातली शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

या काठाचा खरा मानबिंदू म्हणजे जानेवारीतील आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव. देशोदेशींचे पतंगबाज प्रचंड, चित्रविचित्र आकृत्या नदीवर उडवितात. आणि 14 जानेवारीला, उत्तरायणाच्या दिवशी, सगळे शहर गच्चीवर चढते. त्याआधी कित्येक दिवस रस्त्याकडेला खांबांवर गुलाबी मांजा ताणलेला दिसतो. काचेची पूड आणि खळ चोळून कारागीर तो धारदार करतात. त्यांची बोटेही त्यापायी कापून निघतात.

जैन घरांपुढील प्रश्न येथेच उभा राहतो. कबुतरे, घारी, अवाक, बगळे सकाळी चाऱ्यासाठी निघतात आणि सायंकाळी थव्याने परततात. नेमक्या त्याच वेळी आकाश दोऱ्यांनी विणलेले असते. दोरा पंखात रुतला की पक्षी सोडवून घेण्यासाठी धडपडतो आणि जखम अधिक खोल होते. ज्या शहराच्या पोळांतून कबुतरांसाठी कोरीव चबुतरे उभारले गेले, जेथे पांजरापोळीची परंपरा शतकांची आहे, त्याच शहरात हे घडावे, हा विरोधाभास श्रावकांना सलत आला आहे.

उत्सव बंद करा, असे मात्र फारसे कोणी म्हणत नाही. नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली. गुजरातमध्ये दरवर्षी या दिवसांत ‘करुणा अभियान’ चालते. वनखाते, पशुवैद्य आणि जीवदया संस्था उपचार केंद्रे उघडतात. पहाटे व सायंकाळी पतंग उडवू नका, असे आवाहन होते. जखमी पक्ष्याला पाणी पाजू नये, दोरा ओढू नये, सुती कापडात हलकेच गुंडाळून हवा खेळणाऱ्या खोक्यात, अंधारात ठेवावे आणि तडक केंद्रावर न्यावे, एवढे घरातील लहानग्यालाही ठाऊक असलेले बरे. अनेक जैन तरुण हा सण गच्चीवर न घालवता अशा केंद्रांवर टाके घालणाऱ्या वैद्यांच्या हाताशी उभे राहून घालवितात.

सण सरला तरी झाडांवर, विजेच्या तारांवर अडकलेला दोरा पुढे कित्येक दिवस पक्ष्यांना गुरफटवीत राहतो. म्हणून 16 जानेवारीनंतर लांब बांबू घेऊन फांद्यांमधला मांजा उतरविणारी मंडळी बाहेर पडतात, आणि पोत्यांत भरलेला तो गुंता तराजूवर किलोंनी मोजला जातो.