लाल लोकर

"आमच्याकडे सध्या जर्मन माणसांची वंशावळ चालू आहे," असं मैत्रीण म्हणाली, म्हणून मी कोथरूडला तिच्या घरी गेले. तिची मुलगी आर्टिकलशिप करते. आठवडाभर लोकांच्या खात्यांचा ताळा लावायचा आणि रविवारी मैत्रिणींना जमवून 'डार्क'चा. बारान बो ओदार आणि यांत्ये फ्रीझे यांची ही मालिका 2017 ते 2020 या काळात आली. तीन पर्वं, 26 भाग. मुलींची ती बघून झाली होती. आता पहिल्यापासून भिंतीवर मांडणं चाललं होतं.

भाग लावायचा, चेहरा दिसला की थांबवायचा, साल लिहून चिठ्ठी डकवायची. काळातल्या प्रवासाला निळी लोकर, रक्ताच्या नात्याला लाल. खोलीभर मार्करचा उग्र वास.

विंडेन गावातली गुहा 33 वर्षांच्या अंतराने काळ जोडते: 1953, 1986, 2019. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान. ते अंतर साठत जाऊन 33 वर्षांनी पुन्हा मेळ बसतो. रमजानही तेवढ्याच काळात सगळे ऋतू फिरून येतो. हे ऐकून आतल्या खोलीतून आजी म्हणाल्या, "आणि अधिक महिन्यात जावयाला अनारसे किती देतात? तेहेतीसच." मुलींनी ते लगेच कोपऱ्यात लिहून ठेवलं. मला ते फार आवडलं. आपलं पंचांग हे दिवस साठू देत नाही, दर दोन-तीन वर्षांनी एक महिना घालून हिशेब चुकता करतं. विंडेनला ती सोय नाही. तिथे 33 वर्षांची थकबाकी माणसांच्या अंगावर येते.

2019मध्ये हरवलेला छोटा मिकेल 1986मध्ये निघतो, तिथेच मोठा होतो, लग्न करतो आणि योनासचा बाप होतो. म्हणजे योनास जिच्यावर जीव टाकतो ती मार्था त्याची सख्खी आत्या. मराठीत हे नातं एका शब्दात अंगावर येतं. तो शब्द चिठ्ठीवर लिहिताना मुली गप्प झाल्या होत्या.

शार्लोटपाशी लोकरच अडली. एलिझाबेथ तिची मुलगी आणि तीच तिची आईसुद्धा. आपल्या कुलवृत्तांतात कितीही फाटे फुटले तरी वर एक मूळपुरुष सापडतो. इथे धागा गोल फिरून स्वतःलाच भेटतो.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी दुसऱ्या जगातली मार्था येते. त्यासाठी समोरची भिंत घेतली. त्या जगात डावं-उजवं उलटं, म्हणून चिठ्ठ्याही आरशातल्यासारख्या लावल्या. तिथे मिकेल 1986मध्ये गेलाच नाही, म्हणून योनास जन्मलाच नाही. त्याची जागा मुलींनी मोकळी सोडली होती. दारातून आत येताना माझी नजर दर वेळी तिथेच जायची.

पण मी पुन्हापुन्हा गेले ती रेगिनासाठी. कर्करोगाने खंगलेली, क्लाउडियाची मुलगी. तिचा बाप ट्रॉन्टे असावा असं सुरुवातीपासून वाटत राहतं. मुलींनी तशी लाल लोकर बांधलीही होती. तिसऱ्या पर्वात कळतं की तो तिचा बाप नाही. मैत्रिणीच्या मुलीने कात्री घेतली, गाठीपाशी हलक्या हाताने धागा कापला आणि म्हणाली, "मावशी, हा धागा खरा असता तर रेगिना वाचली नसती."

कारण शेवटी टान्हाउस या घड्याळजीच्या मूळ जगातला अपघात टळतो. त्या अपघाताच्या दुःखातून त्याने केलेल्या यंत्रामुळे फुटलेली दोन्ही जगं विरून जातात आणि त्या गुंत्यातून जन्मलेली सगळी माणसंही. जेवणाच्या टेबलावर उरतात फक्त सहाजण. त्यांत रेगिना आहे.

हा खेळ मला रिकामटेकडा वाटत नाही. कोण कुणाचं, हे इतक्या निगुतीने शोधावंसं वाटायला त्या माणसांविषयी माया लागते. मला ती त्या कात्रीत दिसली.

शेवटच्या रविवारी चिठ्ठ्या उतरवायच्या होत्या. योनास, मार्था, मिकेल, उलरिख. मुलगी नाव वाचायची, मैत्रीण काढून डब्यात ठेवायची. शार्लोट-एलिझाबेथचं वेटोळं सुटेना. कात्री पुढे केली तर मुलीने ती बाजूला सारली, खाली बसकण मारली आणि नखांनी गाठ सोडवायला लागली.