दोन वह्या, एक हिशेब

खानदेशांतील एखादा कापसाचा आडत्या एकाच हिशेबाच्या दोन वह्या ठेवितो, एक धुळ्यास व दुसरी जळगांवास, असें क्षणभर समजूं. प्रत्येक नोंद दोहोंकडे व्हावयाची. एक वही जळाली तरी दुसरी शाबूत राहावी, हा हेतु. परंतु वही जळाली नाहीं, केवळ मधली तार तुटली, तर? प्रत्येक कारकुनास वाटेल कीं, दुसरी वही गेली. दोघेही लिहीत राहिले तर सायंकाळीं हिशेब दोन होतील, आणि खरा कोणता हें कोणासच सांगतां येणार नाहीं.

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. १९९९ मध्यें दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथील रेल्वेचीं आरक्षण-केंद्रें परस्परांस जोडलीं गेलीं, आणि जळगांवच्या खिडकीवर दूरच्या गाडीचेंही तिकीट मिळूं लागलें. अशा व्यवस्थेंत दोन नोंदी परस्परविरुद्ध झाल्या, तर एकच जागा दोन कुटुंबांस विकली जाईल.

बँकांच्या कामीं लागणारे मेनफ्रेम नांवाचे संगणक या संकटास कसे तोंड देतात, तें पाहूं. आयबीएम कंपनीनें १९९४ मध्यें अनेक मेनफ्रेम एकत्र राबविण्याची रचना पुढें आणिली. तींत कोणत्या नोंदीस कोणीं कुलूप घातलें आहे, इत्यादि सामायिक माहिती 'कपलिंग फॅसिलिटी' नामक ठिकाणीं राहते, आणि तिची जोडप्रत दुसऱ्या तशाच ठिकाणीं ठेवितां येते.

एखाद्या संगणकाचा एका प्रतीशीं संबंध तुटला कीं, प्रथम नवें लेखन क्षणमात्र थांबवितात. मग कोणास कोणती प्रत दिसते, हें पाहून एकच प्रत राखितात व दुसरी रद्द करितात. राखलेली प्रत ज्यास दिसत नाहीं, त्या संगणकास तें काम सोडावें लागतें. त्याचें काम इतर संगणक चालवितात. मार्ग पूर्ववत् झाल्यावर, राखलेल्या प्रतीवरून दुसरी प्रत नव्यानें तयार होते. जुनी, मागें पडलेली प्रत पुन्हां वापरीत नाहींत.

यांतील मर्म विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. न दिसणें म्हणजे नष्ट होणें नव्हे. आणि दोन प्रती ठेवणें सोपें, परंतु खरी कोणती याचा निर्णय आधींच ठरविलेला नसेल, तर दुसरी प्रत आधार न होतां घोटाळ्याचेंच कारण होते. चुकीचें लिहिण्यापेक्षां क्षणभर थांबणें बरें, हें आम्हांस व्यापाऱ्याच्या वहीइतकेंच यंत्राच्या वहीसही लागू वाटतें.