परवाना कशाचा? नेटवर्क सॉफ्टवेअर, जुना सर्व्हर आणि 'कायमस्वरूपी' हा शब्द



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही आणि सर्व्हर?" त्याचं काही चुकलं नाही. कुठली वायर कुठे लावायची हे मला आजही कळत नाही. पण 'मालकी', 'परवानगी', 'संबंध' आणि 'कायम' हे चार शब्द मी आयुष्यभर वर्गात शिकवले, आणि याच चार शब्दांनी मला एका वाचनालयाच्या कार्यालयात चांगलं पेचात पकडलं. तिथूनच सुरुवात करतो.

निवृत्तीनंतर मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. तिथे पुस्तकांची नोंद, रोजची देवघेव आणि सभासदांच्या अनामत रकमा, सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये. ते सॉफ्टवेअर कोपऱ्यातल्या एका जुन्या सर्व्हरवर, आणि काउंटरवरचे चार कॉम्प्युटर त्याला जोडलेले. 'कायमस्वरूपी परवाना' म्हणून एकरकमी पैसे भरलेले, पावती फाईलला लावलेली. चारांतले दोन कॉम्प्युटर बंद पडले म्हणून नवे आणले. नवे कॉम्प्युटर जुन्या सर्व्हरशी बोलेनात. विक्रेता म्हणाला, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्या. घेतली. ती जुन्या सर्व्हरवर चालेना. मग नवा सर्व्हर हवा. नव्या सर्व्हरला जोडायचं तर प्रत्येक कॉम्प्युटरमागे नवा परवाना हवा. बरं, सगळं सोडून परत जुन्यावर जावं, तर अपग्रेडच्या अर्जावर माझीच सही: नवी आवृत्ती घेतल्यावर जुना परवाना संपुष्टात येईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मजकूर नीट वाचावा हे मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितलं, आणि तो अर्ज मी न वाचता सही करून दिला.

शेवटी एका बाजूला ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरवरून नोंदी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये उतरवून घेतल्या आणि निभावलं. पण दोन आठवडे पुस्तकं वहीत लिहून द्यावी लागली, आणि त्या दोन आठवड्यांत कुठल्या सभासदाची किती अनामत आपल्याकडे आहे हे आम्हाला खात्रीने सांगता येत नव्हतं. लोकांचे पैसे होते ते. तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो.

आपण विकत काय घेतो?

परवाना म्हणजे परवानगी. वाहनाचा परवाना हातात आला म्हणून कोणी गाडीचा मालक होत नाही. सॉफ्टवेअरच्या करारात बहुतेक वेळा हेच लिहिलेलं असतं: हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, वापरायची परवानगी दिलेली आहे. आपण मात्र दुकानातून वस्तू आणावी तसं समजतो.

मुंबईकरांना हे पागडीच्या उदाहरणाने लगेच कळेल. पागडीच्या खोलीत राहणारा एकरकमी मोठी रक्कम मोजतो, पिढ्यान्‌पिढ्या राहतो, पण कागदोपत्री तो मालक नाही. आणि नुसता भाडेकरू म्हणावं तर तेवढाही नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने या पागडीला कायद्यात जागा दिली. 'कायमस्वरूपी परवाना' ही सॉफ्टवेअरमधली पागडी आहे. तुम्हाला खोलीतून कोणी काढत नाही. पण जिना ढासळला, पाण्याची टाकी गळायला लागली, तर खोलीवरचा हक्क अबाधित राहून खोली मात्र राहण्याजोगी उरत नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नव्या आवृत्तीने जुन्या सर्व्हरचा आधार सोडला म्हणजे तुमचा परवाना रद्द होत नाही. तो फक्त पोकळ होतो.

संयोग आणि समवाय

हे समजून घ्यायला मला वैशेषिकांचा एक जुना भेद फार उपयोगी पडला. त्यांनी दोन प्रकारचे संबंध वेगळे केले. वस्त्र आणि त्याचे तंतू यांचा संबंध म्हणजे समवाय: तंतू काढून घ्या, वस्त्र उरणारच नाही. आणि दोन स्वतंत्र वस्तू एकत्र येतात तो संयोग. टेबलावर पुस्तक ठेवलं, हा संयोग. पुस्तक उचललं की तो संपला, पण पुस्तक आहे तसंच आहे, टेबलही आहे तसंच आहे.

साध्या, एका कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न एवढा बोचत नाही. जुना टंकलेखनाचा प्रोग्रॅम जुन्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं चालवता येतो. नेटवर्क सॉफ्टवेअरचं तसं नाही. त्याचा सगळा उपयोगच संयोगात आहे: इकडचा कॉम्प्युटर, तिकडचा सर्व्हर आणि दोघांमधली एक ठरलेली भाषा. आपण पैसे मोजताना त्याला समवाय समजतो, जणू हे सगळं एकच वस्त्र आहे. परवाना लिहिणारा मात्र जाणून असतो की हा संयोग आहे, आणि त्यातल्या एकाच टोकाबद्दल तो वचन देतो.

एक सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण

मायक्रोसॉफ्टचा विंडोज सर्व्हर घेऊ, कारण त्याचे नियम जाहीर आहेत. तिथे सर्व्हर चालवण्याचा परवाना वेगळा, आणि त्या सर्व्हरचा उपयोग करणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा यंत्रामागे 'क्लायंट ॲक्सेस लायसन्स' वेगळं. त्याला थोडक्यात 'कॅल' म्हणतात. या कॅलला आवृत्ती असते. २०१९चं कॅल असेल तर २०१६च्या सर्व्हरला जोडता येतं. पण २०१२चं कॅल घेऊन २०१६च्या सर्व्हरला जोडता येत नाही. म्हणजे नवा परवाना मागे चालतो, जुना परवाना पुढे चालत नाही. सर्व्हर एक बदलला, तरी परवाने पन्नास बदलावे लागतात. अंदाजपत्रक करताना नेमकं हेच निसटतं.

आता भाषेचं बघा. फाईल आणि प्रिंटर वाटून घेण्यासाठी हे कॉम्प्युटर 'एसएमबी' नावाच्या भाषेत बोलतात. ती १९८०च्या दशकात आयबीएममध्ये जन्मली. विंडोज सर्व्हर २००३ला तिची पहिलीच आवृत्ती येते. या सर्व्हरचा सपोर्ट १४ जुलै २०१५ला संपला. पुढे २०१७च्या शरद ऋतूत आलेल्या विंडोज १०च्या १७०९ या आवृत्तीपासून, नव्याने बसवलेल्या कॉम्प्युटरवर ही पहिली आवृत्ती आपोआप येईनाशी झाली. म्हणजे नवा कॉम्प्युटर, जुना सर्व्हर, दोघेही ठणठणीत, दोघांचेही परवाने शाबूत, आणि तरी संवाद नाही. जुनी भाषा हाताने सुरू करता येते. पण ती बंद का केली, याला सबळ कारण आहे. त्याकडे शेवटी येतो.

न्यायालयांनी काय म्हटलं?

'ही वस्तू की परवानगी?' हा प्रश्न फक्त माझ्यासारख्या रिकामटेकड्या प्राध्यापकाचा नाही. मोठमोठ्या न्यायालयांनी त्याला वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सांगितलं की डिस्कवर मिळणारं तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे, त्यावर विक्रीकर लागतो. २०२१ साली इंजिनिअरिंग ॲनालिसिसच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की परदेशी कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायला घेणाऱ्याला त्यातला कॉपीराइट मिळत नाही, म्हणून ते पैसे म्हणजे रॉयल्टी नव्हे. दोन्ही खटले कराचे होते. कर घेताना ती वस्तू असते. तक्रार करायला गेलो की ती परवानगी होते. ही गंमत माझ्या मनातून काही जात नाही.

युरोपच्या न्यायालयाने २०१२ साली, यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात, मुदतीची अट नसलेला, पूर्ण पैसे भरलेला परवाना म्हणजे विक्रीच आहे असं ठरवलं. असा परवाना पुढे दुसऱ्याला विकता येतो. अमेरिकेत २०१० साली व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्कमध्ये अपील न्यायालयाने उलटं सांगितलं. त्या खटल्याच्या मुळाशी काय होतं माहिती आहे? एका संस्थेने ऑटोकॅडची नवी आवृत्ती सवलतीत घेतली होती, आणि बदल्यात जुन्या प्रती नष्ट करण्याची अट मान्य केली होती. त्या जुन्या प्रती पुढे विकल्या गेल्या. न्यायालय म्हणालं, मालकी मुळात तुमच्याकडे आलीच नव्हती.

आमच्या वाचनालयाच्या अर्जावरचं वाक्य या कुळातलं होतं. तेव्हा पहिला व्यवहारी धडा हा: अपग्रेड म्हणजे भर नव्हे, बहुधा अदलाबदल असते. नवं नीट चालतंय असं दिसेपर्यंत जुनं परत करू नका, आणि करारात तशी मुदत लिहून घ्या.

मग कोणाचं काय देणं लागतं?

माझं म्हणणं असं नाही की विकणाऱ्याने वीस वर्षांपूर्वीचा सर्व्हर आजन्म सांभाळावा. त्याला थांबायचा हक्क आहे. पण ज्याच्या थांबण्याने माझा परवाना पोकळ होतो, तो माझं तीन गोष्टींचं देणं लागतो.

पहिलं, पूर्वसूचना. कोणत्या तारखेला कोणत्या सर्व्हरचा आधार सुटणार, हे विकत घेतानाच कळलं पाहिजे. मोठ्या कंपन्या अशा तारखा जाहीर करतात. छोट्या विक्रेत्यांकडून ती लेखी मागावी लागते.

दुसरं, बाहेर पडायची वाट. सॉफ्टवेअर त्यांचं असेल, नोंदी आमच्या आहेत. त्या कुठल्याही दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येतील अशा साध्या स्वरूपात, कधीही, वेगळे पैसे न घेता काढता आल्या पाहिजेत. आम्हाला वाचवलं ते याच एका गोष्टीने, आणि तीही आमच्या शहाणपणाने नव्हे, योगायोगाने.

तिसरं, भाषा. दोन यंत्रं ज्या भाषेत बोलतात ती एकाच कंपनीच्या कपाटात बंद असेल, तर संयोग तोडायचा अधिकार एकट्या त्या कंपनीकडे राहतो. युरोपीय आयोगाने मार्च २००४मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि सर्व्हरशी बोलण्यासाठी लागणारी माहिती इतरांना उघड करायला सांगितलं. २००७ साली तिथल्या न्यायालयाने ते उचलून धरलं. सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर हीच एसएमबी भाषा बोलतं. त्याच्या कर्त्यांना त्यानंतर ती कागदपत्रं मिळाली. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्येही एक वाट आहे: सॉफ्टवेअर रीतसर बाळगणाऱ्याला, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक ती माहिती, ती सहज मिळत नसेल तर, स्वतः शोधून काढता येते. हा हक्क आपल्याकडे आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न: सर, जुनं चालतंय तर चालू द्यावं. अपग्रेडच्या नादी लागावंच कशाला?

उत्तर: मलाही आधी असंच वाटायचं. पण मगाशी म्हटलं त्या भाषेकडे परत या. १२ मे २०१७ला वॉनाक्राय नावाचा हल्ला जगभर पसरला. तो एसएमबीच्या त्याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून आत शिरत होता. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ते भोक बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण ज्यांचा सपोर्ट चालू होता त्यांच्यासाठी. हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपी आणि सर्व्हर २००३साठीही दुरुस्ती दिली. म्हणून म्हणतो, जुनी भाषा सोडण्यामागे नेहमी विक्रीचीच लबाडी असते असं नाही. काही वेळा दार जुनं झालेलं असतं आणि चोराला ते ठाऊक झालेलं असतं.

जुनं ठेवायचंच असेल तर ते इंटरनेटपासून तोडून, फक्त नोंदी वाचण्यापुरतं ठेवा, आणि तेही नोंदी बाहेर निघेपर्यंतच.

घरी गेल्यावर एक काम करा. तुमची पतसंस्था असो, शाळा असो, गृहनिर्माण सोसायटी असो, एका कागदावर चार ओळी लिहा: आपला सर्व्हर कोणता, त्याचा सपोर्ट कधी संपतो, परवाने कोणत्या आवृत्तीचे आणि किती, आणि आपल्या नोंदी गेल्या वेळी बाहेर कधी काढून ठेवल्या. चौथी ओळ कोरी राहिली, तर पहिल्या तीन ओळींचं काम उद्यावर टाकलं तरी चालेल. चौथीचं आजच करा. आमच्या वाचनालयात आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ग्रंथपाल बाई अनामतीची यादी काढून कपाटात ठेवतात, आणि मी त्यावर सही करतो. आता वाचून करतो.